अर्धबेकारी आणि फुरसत (अर्थशास्त्र)

अर्धबेकारी (अन्य संज्ञा: न्यून रोजगार, अपुरा रोजगार) म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या हाती काम असूनही ते तिची इच्छा, क्षमता किंवा गरज यांच्या मानाने अपुरे असण्याची स्थिती होय. फुरसत म्हणजे व्यक्तीने आपल्या इच्छेने कामापासून मोकळा ठेवलेला वेळ. श्रम-अर्थशास्त्रात या दोन संकल्पनांचा विचार जोडीने करावा लागतो, कारण दोन्ही स्थितींत माणूस काही तास कामाबाहेर असतो. दुपारी पारावर बसलेला माणूस विसावा घेत आहे की काम न मिळाल्याने बसला आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. पाहणी करणाऱ्याला ते विचारावे लागते, आणि प्रश्न कसा विचारला यावर उत्तर पुष्कळ अंशी अवलंबून असते. बेकारीचे सरकारी आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, याचे एक मोठे कारण येथे आहे.

== संज्ञांविषयी ==

मराठीत फुरसत, सवड, उसंत, विसावा हे शब्द मोकळ्या वेळेसाठी वापरले जातात आणि त्यांत समाधानाची छटा असते. 'रिकामा', 'रिकामपण', 'रिकामटेकडा' या शब्दांत मात्र उणेपणाची किंवा ठपक्याची छटा आहे. अर्थशास्त्राला जो भेद मोठ्या खटाटोपाने करावा लागतो, तो बोलीभाषेने असा आधीच करून ठेवला आहे. इंग्रजीतील 'स्कूल' या शब्दाचे मूळ असलेल्या 'स्खोले' या ग्रीक शब्दाचा अर्थही फुरसत असाच होता. पोटापाण्याच्या कामातून मोकळीक असेल त्यालाच विद्याभ्यास शक्य, ही समजूत त्यामागे होती.

अर्धबेकारी आणि छुपी बेकारी (प्रच्छन्न बेकारी) या संज्ञा शालेय पुस्तकांत अनेकदा समानार्थी म्हणून येतात. तसे मानणे योग्य नाही. अर्धबेकार व्यक्तीला आपल्याला काम कमी पडते याची जाणीव असते आणि ती तसे सांगू शकते. छुप्या बेकारीत व्यक्ती दिवसभर कामात दिसते, तिला स्वतःलाही आपण बेकार आहोत असे वाटत नाही. पण तिला त्या कामातून काढून घेतले, तरी एकूण उत्पादन घटत नाही. पहिली स्थिती विचारून कळते, दुसरी गणिताने ठरवावी लागते.

== फुरसतीची व्याख्या ==

पाठ्यपुस्तकांतील मूळ मांडणी अगदी साधी आहे. दिवसाचे २४ तास दोन भागांत वाटले जातात: मजुरीचे काम आणि फुरसत. फुरसत ही इतर वस्तूंप्रमाणेच हवीशी वस्तू मानली जाते आणि तिची किंमत म्हणजे तेवढ्या वेळात बुडालेली मजुरी. ताशी मजुरी वाढली की फुरसत महाग होते आणि माणूस अधिक काम करू पाहतो. याला पर्यायता परिणाम म्हणतात. उलट, वाढलेल्या मजुरीमुळे पूर्वीइतकी मिळकत कमी तासांत होते, म्हणून तो अधिक फुरसत घेऊ शकतो. हा उत्पन्न परिणाम. दोहोंपैकी कोणता प्रबळ ठरेल हे आधी सांगता येत नाही, असे लायोनेल रॉबिन्स यांनी १९३० मध्ये दाखवून दिले. मजुरी वाढल्यावर कामगार गैरहजर राहतात म्हणून ते आळशी आहेत, असा निष्कर्ष वसाहतकाळातील गिरणीमालक आणि मळेवाले सर्रास काढत असत. रॉबिन्स यांच्या मांडणीनुसार अशा वर्तनाचा अर्थ लावण्यासाठी आळसाची गरजच उरत नाही.

या मांडणीत मजुरीबाहेरचा सगळा वेळ फुरसत ठरतो: झोप, आंघोळ, स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, पाणी भरणे, सर्व काही. गणिताच्या सोयीसाठी हे चालते, पण मापनासाठी चालत नाही. गॅरी बेकर यांनी १९६५ मधील लेखात काम आणि फुरसत ही दुहेरी विभागणीच सैल केली. त्यांच्या मते कुटुंब हे लहानसा कारखानाच असते. बाजारातून आणलेल्या वस्तू आणि घरातल्या माणसांचा वेळ एकत्र करून ते जेवण, आरोग्य, करमणूक अशा गोष्टी 'उत्पादित' करते. रूबेन ग्रोनाऊ यांनी १९७७ मध्ये त्याच विचाराला पुढे नेऊन वेळेचे तीन भाग केले: बाजारातील काम, घरातील काम आणि फुरसत.

घरातील काम आणि फुरसत यांच्यामध्ये रेषा कोठे ओढावी, यासाठी आजही मार्गारेट रीड यांची कसोटी वापरली जाते. ती त्यांनी १९३४ मध्ये मांडली आणि 'तृतीय व्यक्तीची कसोटी' म्हणून ती ओळखली जाते. जी गोष्ट पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते, ते काम. जी दुसऱ्याकडून करून घेताच येत नाही, ते काम नव्हे. भाकऱ्या थापायला बाई ठेवता येते, धुणे धोब्याला देता येते. पण आपल्या वाटणीची झोप किंवा आपल्या वाटणीचे नाटक दुसऱ्याला पाहायला सांगता येत नाही. कसोटी उपयुक्त आहे, तरी तिलाही कडा आहेत. नातवाला गोष्ट सांगणे हे आजीचे काम की तिचा आनंद? परसातील भाजीचा वाफा, सणासाठी केलेला फराळ, देवळातील सेवा यांचे काय? अमेरिकेतील फुरसतीचा अभ्यास करताना मार्क अग्वियार आणि एरिक हर्स्ट यांनी (२००७) या अडचणीवर एकच उत्तर न देता फुरसतीच्या अनेक व्याख्या शेजारी-शेजारी वापरल्या. काहींत बालसंगोपन आणि बागकाम धरले, काहींत वगळले. १९६५ ते २००३ या काळात तेथील पुरुषांची फुरसत आठवड्याला सुमारे ६ ते ९ तासांनी आणि स्त्रियांची सुमारे ४ ते ८ तासांनी वाढली, असे त्यांना आढळले. आकडा एक न येता पट्टा येतो, तो या व्याख्याभेदामुळे. पुरुषांची वाढ नोकरीचे तास घटल्याने झाली होती, तर स्त्रियांची घरकामाचे तास घटल्याने.

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्ये शंभर वर्षांनंतरच्या जगाविषयी लिहिताना आठवड्याला १५ तास काम पुरेल अशी कल्पना केली होती. श्रीमंत देशांतही ती प्रत्यक्षात आलेली नाही. थोरस्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये फुरसतीकडे वेगळ्याच अंगाने पाहिले होते: आपल्याला कष्ट करावे लागत नाहीत हे दाखवून प्रतिष्ठा मिळवण्याचे ते वरच्या वर्गाचे साधन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मापनाच्या चर्चेत मात्र व्हेब्लेन यांचा फारसा उपयोग होत नाही.

== वेळ-वापर पाहणी ==

फुरसत मोजण्याचे प्रमुख साधन म्हणजे वेळ-वापर पाहणी. तीत व्यक्तीने मागील २४ तासांत कोणत्या वेळी काय केले, याची नोंद घेतली जाते. भारतात अशी पहिली मोठी पाहणी जुलै १९९८ ते जून १९९९ या काळात हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा, तमिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांत प्रायोगिक स्वरूपात झाली. तीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. संपूर्ण देशासाठीची पहिली पाहणी २०१९ मध्ये झाली. तीत पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ४ पर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत विभागला होता आणि ६ वर्षांवरील व्यक्तींची माहिती घेतली होती.

या पाहणीनुसार घरच्या माणसांसाठीचे बिनमोबदला घरकाम ८१.२ टक्के स्त्रियांनी आणि २६.१ टक्के पुरुषांनी केले. ज्यांनी ते केले, त्यांत स्त्रियांचा सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे होता. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. ही सरासरी फक्त ते काम करणाऱ्यांची आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. सर्व पुरुषांची सरासरी काढल्यास पुरुषांचा आकडा बराच खाली येईल.

पाच तासांचे हे काम जुन्या मांडणीत 'फुरसत' ठरले असते. शिवाय कडेवर मूल घेऊन चुलीपाशी बसलेली आणि त्याच वेळी रेडिओ ऐकणारी स्त्री त्या अर्ध्या तासात नेमके काय करत होती, हे ठरवताना एका कामाला मुख्य मानावे लागते आणि उरलेली दुय्यम ठरतात. क्लेअर व्हिकरी यांनी १९७७ मध्ये मांडलेली 'वेळेच्या दारिद्र्या'ची कल्पना अशा ठिकाणी उपयोगी पडते. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या वर असले, तरी घर चालवण्यास लागणारा किमान वेळ ज्या कुटुंबाकडे उरत नाही, तेही एका अर्थाने गरीबच असते.

== अर्धबेकारीच्या विचाराचा विकास ==

जोन रॉबिन्सन यांनी १९३६ मध्ये 'छुपी बेकारी' ही संज्ञा वापरली, तेव्हा त्यांच्यासमोर भारत किंवा चीन नसून मंदीतला इंग्लंड होता. कारखान्यातून कमी केलेला कुशल कामगार रस्त्यावर काड्यापेट्या विकू लागला, तर तो बेकारांच्या यादीतून निघून जातो. पण त्याची उत्पादकता पूर्वीच्या मानाने कितीतरी घसरलेली असते. पुढे रॅग्नर नर्क्स (१९५३) आणि आर्थर लुईस (१९५४) यांनी दाट लोकवस्तीच्या शेतीप्रधान देशांना ही कल्पना लावली. शेतीत इतके लोक आहेत की त्यांपैकी काहींची सीमान्त उत्पादकता जवळपास शून्य आहे. म्हणून त्यांना उद्योगांकडे वळवले तरी धान्य कमी होणार नाही, असा या विचाराचा गाभा होता. विकसनशील देशांच्या नियोजनावर त्याचा मोठा प्रभाव पडला.

थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ च्या ग्रंथात त्याला आव्हान दिले. १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हिंदुस्थानात प्रचंड मनुष्यहानी झाली. शेतीत खरोखरच जादा माणसे असती, तर या हानीनंतरही पेरणीखालचे क्षेत्र टिकले असते. पण ते घटले, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये या चाचणीच्या सांख्यिकी आधारावर टीका केली आणि शुल्ट्झ यांनी तिला उत्तरही दिले.

सेन यांचे त्याआधीचे, १९६६ मधील विवेचन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्यात फुरसत आणि जादा श्रम यांचा थेट संबंध जोडलेला आहे. त्यांचा मुद्दा पुढील काल्पनिक उदाहरणावरून समजतो. कोकणातील एका घरात पाच भाऊ मिळून शेत कसतात. शेताला रोज एकूण २० तासांचे श्रम लागतात, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला ४ तास येतात. त्यांतला एक मुंबईच्या गिरणीत गेला. उरलेले चौघे प्रत्येकी ५ तास काम करू लागले, तर श्रम २० तासच राहतात आणि पीक तितकेच येते. येथे एक मजूर जादा होता, पण श्रमाचा एकही तास जादा नव्हता. शेवटच्या तासाचे उत्पादनही शून्य नव्हते. मात्र हे घडण्यासाठी एक अट पुरी व्हावी लागते. सोडलेल्या फुरसतीच्या प्रत्येक तासाचा जाच चौघांना पूर्वीइतकाच वाटला पाहिजे. पाचवा तास चौथ्यापेक्षा जड वाटू लागला, तर ते साडेचार तासांवर थांबतील, एकूण श्रम १८ तासांवर येतील आणि पीक घटेल. म्हणजे एखाद्या समाजात जादा मनुष्यबळ आहे की नाही, हे तेथील माणसे आपल्या मोकळ्या वेळेला किती मोल देतात यावर ठरते. 'शेतीत माणसे फुकट बसून असतात' या सरसकट विधानापेक्षा ही मांडणी कितीतरी काटेकोर आहे.

गुन्नार मिर्डाल यांनी १९६८ मध्ये एक निराळा आक्षेप घेतला. बेकारी आणि अर्धबेकारी या पाश्चात्त्य श्रमबाजारात घडलेल्या संकल्पना आहेत आणि दक्षिण आशियाला त्या जशाच्या तशा लावणे चुकीचे आहे, असे त्यांचे मत होते. जेथे बेकारभत्ता नाही, तेथे गरिबाला पूर्ण बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते थोडेबहुत काम करतच असतो.

== आंतरराष्ट्रीय व्याख्या ==

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पुढाकाराने भरणाऱ्या श्रम-सांख्यिकी परिषदांनी या व्याख्या टप्प्याटप्प्याने घडवल्या. १९८२ च्या तेराव्या परिषदेनंतर संदर्भ आठवड्यात किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात धरण्याचा नियम रूढ झाला. हा नियम वाचणाऱ्याला नेहमीच खटकतो. त्यामागचा हेतू असा की बेकारी म्हणजे कामाचा संपूर्ण अभाव, आणि थोडे काम असलेल्यांचा हिशेब वेगळा ठेवावा. तो वेगळा हिशेब ठेवलाच नाही, तर मात्र हा नियम चित्र गोड करून दाखवतो.

१९९८ च्या सोळाव्या परिषदेने 'कालसापेक्ष अर्धबेकारी'साठी तीन अटी घातल्या: व्यक्तीला अधिक तास काम करण्याची इच्छा असावी, तसे काम मिळाल्यास ते करण्यास ती उपलब्ध असावी आणि संदर्भ आठवड्यात तिने ठरावीक मर्यादेपेक्षा कमी तास काम केलेले असावे. ही मर्यादा प्रत्येक देश स्वतः ठरवतो. अमेरिकेत ती ३५ तासांची आहे. तेथे 'आर्थिक कारणांमुळे अर्धवेळ' काम करणाऱ्यांची नोंद दरमहा होते आणि बेकार, उमेद सोडलेले इत्यादींसह त्यांना 'यू-६' या व्यापक दरात धरले जाते. २०१० मध्ये तेथील नेहमीचा बेकारीदर ९.६ टक्के होता, तर यू-६ दर १६.७ टक्के होता.

कौशल्याच्या मानाने हलके काम आणि मिळकतीच्या दृष्टीने अपुरे काम यांचाही उल्लेख १९९८ च्या ठरावात आहे. पण त्यांसाठी तासांइतके सोपे माप नसल्याने प्रत्यक्ष आकडेवारीत ते मागे पडले. पदवीधर तरुण पूर्ण दिवस सामान पोहोचवण्याचे काम करत असेल, तर कालसापेक्ष व्याख्येनुसार तो अर्धबेकार नाही.

== भारतातील मापन ==

नियोजन आयोगाने १९६८ मध्ये अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली बेकारीच्या अंदाजांसाठी तज्ज्ञ समिती नेमली. समितीने १९७० मध्ये अहवाल दिला. देशातील एकूण बेकारी एकाच आकड्यात सांगण्याची प्रथा सोडावी, कारण येथील श्रमशक्तीत स्वयंरोजगारी, हंगामी आणि घरच्या कामात राबणारे यांची सरमिसळ आहे, असा त्या अहवालाचा रोख होता. त्यानंतर १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून तीन मापे वापरात आली. 'नेहमीची स्थिती' मागील ३६५ दिवसांवरून ठरते, 'चालू साप्ताहिक स्थिती' मागील सात दिवसांवरून, तर 'चालू दैनिक स्थिती'त त्या सात दिवसांपैकी प्रत्येक दिवसाचा अर्ध्या दिवसाच्या एककात हिशेब होतो. ४ तास किंवा अधिक काम म्हणजे पूर्ण दिवस, १ तास ते ४ तासांपेक्षा कमी काम म्हणजे अर्धा दिवस.

फरक किती पडतो हे एका शेतमजूर स्त्रीच्या कल्पित आठवड्यावरून दिसेल. सोमवारी आणि शुक्रवारी तिला खुरपणीचे पूर्ण दिवस काम मिळाले. मंगळवारी आणि गुरुवारी तीन-तीन तासच मिळाले, आणखी हवे होते. बुधवारी आणि शनिवारी ती कामासाठी तयार होती, पण कोणी बोलावले नाही. रविवारी बाजारचा दिवस म्हणून तिने काम शोधले नाही. साप्ताहिक स्थितीनुसार ती रोजगारात आहे. तिचा बेकारीशी काही संबंध नाही. दैनिक स्थितीनुसार तिचे ३ दिवस कामाचे, ३ दिवस बेकारीचे आणि १ दिवस श्रमशक्तीबाहेरचा. म्हणजे श्रमशक्तीतील ६ दिवसांपैकी निम्मे वाया गेले. देशपातळीवरही ही तफावत दिसते: २००४-०५ मध्ये नेहमीच्या स्थितीनुसार (मुख्य व दुय्यम काम धरून) बेकारीचा दर २.३ टक्के होता, तर दैनिक स्थितीनुसार ८.२ टक्के. दोन्ही आकडे एकाच पाहणीतले आहेत.

दैनिक स्थितीचेही दोष आहेत. चार तास राबलेली आणि बारा तास राबलेली व्यक्ती तिच्या लेखी सारखीच. शिवाय तिचा दर मनुष्य-दिवसांचा असल्याने थोडी माणसे पूर्ण बेकार आहेत की पुष्कळ माणसे थोडी-थोडी बेकार आहेत, हे त्यातून कळत नाही.

राज कृष्ण यांनी १९७३ मध्ये बेकारीच्या चार कसोट्या सांगितल्या: वेळ, उत्पन्न, इच्छा आणि उत्पादकता. एकच व्यक्ती एका कसोटीने बेकार आणि दुसऱ्या कसोटीने रोजगारात असू शकते. सेन यांनीही १९७५ मध्ये रोजगाराची उत्पन्न, उत्पादन आणि मान्यता अशी तीन अंगे वेगळी केली. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांच्या १९७१ च्या दारिद्र्यविषयक अभ्यासानंतर बेकारी आणि दारिद्र्य या प्रश्नांची सांगड घालण्याच्या चर्चेला महाराष्ट्रातही जोर आला.

== महाराष्ट्र: रोजगार हमी आणि ऊसतोड ==

पाहणीत 'तुम्हाला आणखी काम हवे आहे काय?' असे विचारून मिळणारे उत्तर आणि प्रत्यक्ष काम देऊ केल्यावर दिसणारी इच्छा यांत अंतर असते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना या दृष्टीने अभ्यासकांना महत्त्वाची वाटली. वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून आलेली ही योजना १९७२-७३ च्या दुष्काळात विस्तारली, तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला अंगमेहनतीचे काम देण्याच्या या तत्त्वामुळे खडी फोडायला कोण येते, हाच गरजेचा पुरावा ठरतो. ज्याला घरी बसणे परवडते तो उन्हात येत नाही. मात्र काम गावापासून दूर असेल किंवा मजुरी महिनोन्महिने रखडत असेल, तर हजेरीपटावरील संख्या खऱ्या गरजेपेक्षा कमी भरते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

ऊसतोड कामगारांचे उदाहरण मापनाच्या दृष्टीने विशेष अवघड आहे. बीडसारख्या जिरायत भागातून दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघालेली जोडपी गळीत हंगाम संपेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात राहतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि मजुरी तोडलेल्या टनांवर ठरते. हंगामात पहाटेपासून रात्रीच्या गाडीपर्यंत काम चालते, पावसाळ्यात गावी मोजकेच दिवस मजुरी मिळते. वर्षभराच्या स्थितीनुसार अशी व्यक्ती रोजगारात असते. संदर्भ आठवडा जानेवारीत पडला तर ती अतिकामात दिसते, जुलैत पडला तर अर्धबेकार. कोयत्याचा हिशेब जोडीचा असल्याने बायकोच्या तासांची आणि मिळकतीची वेगळी नोंद तर बहुधा राहतच नाही.

== उत्तरांची मर्यादा ==

'आणखी काम करण्यास उपलब्ध आहात काय?' या प्रश्नाला ज्या गावात कामच नाही तेथील माणूस नकार देण्याची शक्यता अधिक, कारण नसलेल्या गोष्टीची इच्छा धरणे त्याने सोडलेले असते. ज्या स्त्रीचे पाच तास घरकामात जातात, तिचा नकारही खरा असतो, पण तो फुरसतीचा नकार नव्हे. नमुना पाहणीत घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ आणि ९३ हे संकेतांक आहेत. ९३ मध्ये घरकामाबरोबर सरपण, चारा, रानभाजी गोळा करणे, घरासाठी शिवण-विणकाम करणे अशी कामे येतात. हे दोन्ही संकेतांक श्रमशक्तीबाहेरचे धरले जातात. त्यामुळे सरपणाची मोळी आणणारी स्त्री रोजगारात नसते, बेकारही नसते आणि अर्धबेकारही नसते.

२०१३ च्या एकोणिसाव्या श्रम-सांख्यिकी परिषदेने 'काम' ही संकल्पना रुंद करून घरातील बिनमोबदला सेवेला कामाचा दर्जा दिला, आणि त्याच वेळी 'रोजगार' ही संकल्पना मोबदल्यासाठीच्या कामापुरती अरुंद केली. मुख्यतः घरी खाण्यापुरते पिकवणारा शेतकरी या नव्या व्याख्येनुसार रोजगाराबाहेर जातो. भारताने मात्र अशा शेतकऱ्याला रोजगारात धरण्याची जुनी पद्धत चालू ठेवली आहे, म्हणून इतर देशांशी थेट तुलना करताना काळजी घ्यावी लागते.

एप्रिल २०१७ पासून पंचवार्षिक पाहण्यांची जागा नियतकालिक श्रमशक्ती पाहणीने घेतली. तीत संदर्भ आठवड्यातील प्रत्येक दिवशी प्रत्यक्ष किती तास काम झाले आणि आणखी किती तास करण्याची तयारी होती, हे नोंदवले जाते. अर्ध्या दिवसाच्या जुन्या एककापेक्षा हे अधिक बारीक माप आहे. जानेवारी २०२५ पासून पाहणीची रचना बदलून चालू साप्ताहिक स्थितीवर आधारित मासिक आकडे प्रसिद्ध होऊ लागले. वृत्तपत्रांत दरमहा झळकणारा बेकारीचा दर तो हाच, आणि वर उल्लेखिलेली खुरपणीची मजूर त्यात रोजगार असलेल्यांमध्ये मोजली जाते.